मावशींच्या पिक्चरमधला तुकडा

तळवड्यातली ती खाणावळ बंद होऊन आता तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान आलं आहे. तिथून जाताना मी तिकडे बघायचं टाळतो, तरी मावशींची केस आठवायची ती आठवतेच. पोलिसाच्या नोकरीत मी याहून भयंकर खून पाहिले. पण इतका फुकट गेलेला जीव दुसरा पाहिला नाही.

सकाळी ठाणे अंमलदाराकडे खबर आली, की खाणावळ चालवणारी साठीची बाई जिन्यावरून पडून मेली. खबर देणारा तिचा एकुलता एक मुलगा, चाकणच्या एका कंपनीत लाइन सुपरवायझर. अकस्मात मृत्यूची नोंद करून मी पंचनाम्याला गेलो. बाई मूळची मावळातली. नवरा लवकर गेला, तेव्हा कंपनीतल्या पोरांना जेवू घालून तिने मुलाला शिकवलं. सगळे तिला मावशी म्हणत. उजव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत जुनं हिरवं गोंदण होतं. गळ्यावर जे वळ होते, ते जिन्यावरून पडून उमटणारे नव्हते. शवविच्छेदनानंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गळा दाबला होता.

मुलाच्या कंपनीच्या गेटसमोर पानटपरी चालवणारा आमचा एक खबऱ्या होता. त्याने मला बाजूला घेतलं.

"साहेब, त्या पोराला लई पिडलंय कंपनीत. त्याच्या आईचा कसला तरी घाण पिक्चर ग्रुपवर फिरतोय. शिफ्ट सुटली की पोरं ह्याला बघून शिट्ट्या मारायची."

मुलाला चौकशीला बोलावलं. चौकशीत हात उगारणाऱ्यांतला मी कधीच नव्हतो. खोटं बोलणारा माणूस वेळा घोकून येतो, जेवणाखाण्याचं कोणी घोकत नाही. म्हणून किती वाजता घरी आलास, हे मी विचारलंच नाही.

"त्या दिवशी आईनं काय केलं होतं रे जेवायला?"

तो म्हणाला, "मेथी. भांडण झालं, तरी माझा डबा भरून ठेवला होता साहेब." एवढं बोलून त्याने टेबलावर डोकं ठेवलं आणि रडता रडता सगळं सांगितलं.

मावशींनी तरुणपणी एका पिक्चरमध्ये काम केलं होतं. ही गोष्ट खाणावळीत सगळ्यांना ठाऊक होती, कारण त्या स्वतःच कौतुकाने सांगायच्या. लोणावळ्याजवळच्या एका बंगल्यावर शूटिंग होतं आणि या तिथे भांडी घासायला गेल्या होत्या. मोलकरणीचं काम करणारी नटी आलीच नाही, तेव्हा यांनाच उभं केलं. जेवायला येणाऱ्या एका पोराने प्रेमापोटी तो पिक्चर इंटरनेटवर शोधून काढला. जुनी रिळं जमवणाऱ्या कुणा हौशी माणसाने तो चढवला होता. त्यात मोलकरीण न्हाणीघरात शिरते, दार लागतं, आणि पुढे एक पाठमोरी बाई उघड्या अंगाने आंघोळ करताना दिसते. तेवढाच भाग कापून कुणीतरी ग्रुपवर टाकला.

"आई सारखं म्हणत होती, 'आरं, ते म्या न्हाई. म्या नुसती दारातनं आत गेले, फुडचं मला ठावं न्हाई.' मला वाटलं, खोटं बोलतीय. आत जाताना तर तीच दिसतीय ना साहेब!"

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. खुनाचा हेतू वेगळा शाबित करायला हवा होता, म्हणून पंचांना बसवून आम्ही ठाण्यात तो अख्खा पिक्चर पाहिला. असले पिक्चर माझ्या तरुणपणी मॉर्निंग शोला लागायचे. थोडा चावटपणा, थोडी आदळआपट आणि एक खून. यातही बंगल्याचा मालक मरतो, घरातल्या प्रत्येकावर संशय जातो, आणि तपासाला आलेला इन्स्पेक्टर सारखा प्रेतावरच अडखळून पडतो. मोलकरीण चहाचा ट्रे घेऊन येते, प्रेताला "साखर किती?" असं विचारते, आणि मग अशी किंचाळते की आमचे हवालदार खो खो हसले. मीही हसलो. बाईच्या अंगात कला होती. आपण तिच्याच खुनाचा पुरावा बघतोय हे ध्यानात आलं, तेव्हा आम्ही पंचनाम्याचे कागद पुढे ओढले.

ट्रे धरलेल्या उजव्या हातावर ते गोंदण स्पष्ट दिसत होतं. न्हाणीघरातल्या बाईचे दोन्ही हात कोरे होते. शिवाय दार लागताच चित्राचा रंग बदलत होता आणि मागचं संगीत मध्येच तुटत होतं. मी काय ते ओळखलं. त्या काळी सेन्सॉर होऊन आलेल्या पिक्चरमध्ये काही टॉकीजचे ऑपरेटर भलत्याच रिळातला उघडावाघडा तुकडा चिकटवायचे. पब्लिक त्यासाठीच गर्दी करायचं.

पिक्चर चढवणाऱ्याला गाठून आम्ही ती रिळं विकणाऱ्या ऑपरेटरपर्यंत पोचलो. म्हातारा पुनावळ्यात मुलाच्या फ्लॅटमध्ये राहत होता. त्याने काहीच लपवलं नाही, उलट जुना विषय निघाला म्हणून खुशीत आला.

"व्हय, म्याच जोडला. दार बंद व्हतंय ना, तिथं तुकडा झ्याक बसतो साहेब. कुणाला कळत न्हाई."

"त्या तुकड्यातली बाई कोण?"

"आता काय म्हाईत! असलं तुकडं डबाभर असायचं. आज ह्या पिक्चरला लावायचा, फुडच्या आठवड्याला दुसऱ्या."

त्या तुकड्यापायी एका बाईचा जीव गेला असं सांगितल्यावर त्याचा चेहरा उतरला. "आमी कुणाचं वाईट चितलं नव्हतं वो," एवढंच म्हणाला. ते खरंही असावं. मी त्याचा जबाब नोंदवून घेतला.

मग कोठडीत जाऊन मुलाला दोन्ही चित्रं शेजारी शेजारी दाखवली. एक गोंदणाचा हात, एक कोरा हात. त्या गोंदणाच्या हाताचं खाऊन तो लहानाचा मोठा झाला होता. पण व्हिडिओ आला तेव्हा त्याने लाजेने तो धड पाहिलाच नव्हता. आता त्याने दोन्ही चित्रं नीट पाहिली. मग त्याने हात जोडले.

"म्हणजे माझी आई चांगली होती, साहेब."

माझ्या शेजारचा हवालदार डोळे पुसायला लागला. मला मात्र संताप आला.

"आणि त्या तुकड्यातली बाई तीच असती तर?" मी विचारलं. "तर बरोबर केलं असतंस का?"

माझा प्रश्नच त्याला कळला नाही.

पुढे त्याला जन्मठेप झाली. खाणावळीत वर्षानुवर्षं जेवलेली माणसं मला भेटली की म्हणायची, "बिचारीचा काहीच दोष नव्हता हो." हे अशा सुटकेने सांगायची, की जणू एक मोठं काम मार्गी लागलं. निर्दोष हा शब्द आम्ही आरोपीसाठी वापरतो. इथे तो मेलेल्या बाईला लावायची वेळ आली, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. या केसने काय शिकवलं असं कुणी विचारलं, तर माझ्याकडे सांगण्यासारखं चांगलं काही नाही. खरं काय ते मी शोधून काढलं, आणि त्याचा मावशींना काडीचाही उपयोग झाला नाही.

तुकड्यातली ती दुसरी बाई कोण होती, हे शेवटपर्यंत कळलं नाही. आमच्या तपासाला तिची गरजही नव्हती. तीही आता साठीच्या पुढे गेली असेल, कुठेतरी मुलासुनेकडे राहत असेल. तो व्हिडिओ अजून फिरतो आहे, आणि मावशींसारखं 'ते म्या न्हाई' म्हणायची सोयही तिला नाही, कारण त्यातली बाई खरोखर तीच आहे.