पहिली खेप माहेरी

पनवेलच्या बाहेर, पुण्याच्या रस्त्याला लागून असलेल्या एका आवारात माकडांचे पैदास केंद्र होते. लस तयार करणाऱ्या प्रयोगशाळांना माकडे लागत. ती दरवेळी जंगलातून धरून आणण्याऐवजी इथेच वाढवावीत, असा हेतू होता. स्वातंत्र्यानंतरच्या त्या उत्साहाच्या काळात, प्राणिशास्त्राची ताजी पदवी घेऊन मी तिथे साहाय्यक म्हणून रुजू झाले, तेव्हा हा हेतू मला व्यवहार्य वाटला. आमच्या साहेबांना तो पवित्र वाटत असे, आणि अडचण नेमकी तिथेच होती.

साहेब पूर्वी महसूल खात्यात होते. माकडांविषयी त्यांचे वाचन नव्हते. संसाराविषयी मते मात्र ठाम होती. उत्तरेकडून आणलेली लाल तोंडाची टोळी जाळीच्या मोठ्या आवारात एकत्र राहत होती. एक नर आणि भोवती इतक्या माद्या, हे दृश्य एस्टीतून जाणाऱ्या लेकीसुनांना दिसते, या विचाराने साहेब अस्वस्थ झाले. त्यांनी बाजारातून आणखी नर मागवले आणि ओळीने खोल्या बांधून घेतल्या. प्रत्येक खोलीत एक नर, एक मादी. वयात आलेल्या माद्यांची स्थळे त्यांनी जातीने ठरवली. नर वयाने थोडा मोठा असावा आणि अंगापिंडाने शोभून दिसावा, एवढ्या दोन कसोट्या त्यांना पुरेशा वाटल्या.

मोठ्या आवारात उरला तो जुना नर, अंगावर पिल्ले असलेल्या काही लेकुरवाळ्या माद्या आणि कच्चीबच्ची. त्या नराला साहेब सर्वांचे वडील समजत, त्यामुळे त्याच्या तिथल्या वास्तव्याला त्यांची हरकत नव्हती. हे नाते तपासून घेण्यासारखे होते. मी ते तपासले नाही.

"सायेब सोयरिकी जमवतायत, बाय," माकडांना भिजवलेले चणे घालणारा आगरी गडी मला म्हणाला. "वाजंत्री तेवढी नाय आली."

मी साहेबांपुढे माझे म्हणणे मांडले. "या माद्या जन्मभर आई-बहिणींबरोबर राहतात, साहेब. येतात-जातात ते नर. मादीला एकटी काढली की नर मारतो तेव्हा तिच्या बाजूने उभं राहायला कोणी उरत नाही. मग ती स्वतःचेच केस उपटते. दुसरीचं पिल्लू कधी हाताळलेलं नसेल, तर पहिलं पिल्लू जवळसुद्धा घेत नाही."

"बाई, आता एकीच्या वर बायको करायला कायद्यानं बंदी आहे."

"तो कायदा माकडांना लागू नाही."

"लागू नसला, तरी पाळायला हरकत काय?"

त्या वर्षी खोल्यांमध्ये जन्मलेले एकही पिल्लू जगले नाही. आयांनी ती फरशीवर टाकून दिली. साहेबांच्या मते हा नव्या पिढीचा बेजबाबदारपणा होता. मुख्य कार्यालयाला कारणमीमांसेत रस नव्हता. पुढचे पिल्लूही गेले, तर पैदास बंद करून सगळी माकडे प्रयोगशाळांना पाठवावीत, असा तिथला निर्णय आला. त्या वेळी गाभण अशी एकच मादी उरली होती. तिचा डावा कान फाटलेला होता, हाताच्या आतल्या बाजूला केस उरले नव्हते, आणि नर जवळ आला की ती भिंतीकडे तोंड करून बसे. तिच्या पिल्लावर आता सगळ्या टोळीचे भवितव्य अवलंबून होते. माझ्या शास्त्रीय कारकिर्दीचेही होते, हे मी विसरले नव्हते.

मी पुन्हा दोनदा साहेबांकडे गेले. दुसऱ्यांदा सोबत आकृत्याही नेल्या. साहेबांनी त्या पाहून माझ्या अक्षराचे कौतुक केले.

त्याच आठवड्यात माझी थोरली बहीण बाळंतपणासाठी आमच्याकडे येणार होती. तिला आणायला एस्टी स्टँडवर जायचे म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा मागितली. साहेबांनी लगेच मान डोलावली.

"पहिली खेप ना? मग माहेरीच हवी. सासरी कितीही चांगलं असलं, तरी आईचा हात तो आईचा हात."

मी दारापर्यंत गेले होते, तिथून परत फिरले. "साहेब, फाटक्या कानाच्या मादीचीही पहिलीच खेप आहे."

साहेबांनी चष्मा काढला. "आई आहे तिला?"

"समोरच्या आवारात आहे. दोन बहिणीही आहेत."

"आणि हे तुम्ही आत्ता सांगता, बाई?"

पदवी, आकृत्या आणि दीड वर्षाचे निरीक्षण यांना जे साधले नव्हते, ते एका वाक्यात साधले. तिला थेट आत सोडण्याऐवजी मी आधी जाळीलगतच्या पिंजऱ्यात ठेवले. कळपात परतणाऱ्या मादीवर हल्ला होऊ शकतो. आई बराच वेळ लांबून बघत राहिली. मग जाळीतून बोटे घालून तिने मुलीच्या उघड्या पडलेल्या हाताची कातडी टिपायला सुरुवात केली. साहेबांना ही दृष्ट काढणे वाटली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून डबाभर डिंकाचे लाडू आले. गर्भारशीला तुपाचे पचणार नाही, या वैद्यकीय कारणास्तव ते गड्याने आणि मी संपवले.

आठवड्याने मी पिंजऱ्याचे दार आवारात उघडले. पिल्लू तिथेच, एका पहाटे झाले. मादी त्याच्यापासून सरकली. पण तिची थोरली बहीण येऊन ते हुंगू लागली, आई मुलीला खेटून बसली, आणि बहिणीने पिल्लू उचलताच फाटक्या कानाची वळली व तिने ते ओढून छातीशी धरले. थोड्या वेळाने ते पिऊ लागले.

सव्वा महिना उलटल्यावर साहेबांनी विषय काढला. "आता पाठवणी करायला हवी. जावई एकटा आहे."

"पिल्लू अंगावर पितंय तोवर कशी पाठवणार?"

"तेही खरंच." आणि मग, आवाराकडे बघत, "बाकीच्यांच्याही आया आहेत का हो तिथे?"

पुढच्या हंगामात एकेक करून सगळ्या माहेरी आल्या. खोल्यांमध्ये नुसते नर बसून राहिले. मुख्य कार्यालयाचे पाहुणे आले तेव्हा साहेबांनी त्यांना ही पद्धत आपल्या संस्कृतीतून आपणच कशी सिद्ध केली ते सांगितले. पाहुण्यांनी पैदास चालू ठेवण्याची शिफारस केली आणि शास्त्रीय बाजू कोण बघते, असे विचारले.

"या बाई बघतात," साहेब म्हणाले. "अक्षर फार सुरेख आहे."

मी नमस्कार केला. पाहुणे जाळीकडे वळले. आत फाटक्या कानाची आपले पिल्लू परत मागत होती, आणि बहीण ते घेऊन आईच्या पाठीमागे जाऊन बसली होती.