माठाखालची बरणी

माणसाचा दंड दिसला की तो चाचपून पाहिल्याशिवाय ज्याला चैन पडत नाही, असा आमच्या विज्ञानाच्या मास्तरांसारखा माणूस अख्ख्या दारव्हा तालुक्यात दुसरा झाला नाही. साठ-एकसष्टच्या सुमारास बोरी अरबला आम्ही एकाच शाळेत होतो, मी चित्रकला शिकवायला. स्नायू आखडतो तेव्हा आतले प्रथिनांचे धागे आखूड होतच नाहीत, नुसते एकमेकांत सरकतात, असं त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं आणि तेव्हापासून दोन्ही हातांची बोटं एकमेकांत सरकवून दाखवत ते बाजारभर हिंडू लागले. एका हमालाला कापसाचं गाठोडं उचलता उचलता थांबवून त्यांनी हेच सांगितलं. तो म्हणाला, "समजलं मास्तर! आता तुमचे धागे सरकवा अन् एक टोक धरा." मास्तरांनी खरंच धरलं आणि आठ दिवस अंथरुणात काढले.

मग प्रयोगाचं खूळ शिरलं. खाटीक चाचांकडून बकऱ्याच्या मांडीची बोटभर पट्टी आणून त्यांनी ती ग्लिसरिनच्या बरणीत मुरत घातली. चाचा हळहळले, "मास्तर, गोश्त पकाते हैं, अचार नहीं डालते!" गारव्यासाठी बरणी पुरली कुठे, तर घरातल्या माठाखालच्या ओल्या वाळूत! मास्तरांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, माळकरी. पाणी भरताना बरणी हाताला लागली, आणि दुपारच्या मोटारीनं त्या फुलसावंगीला माहेरी निघून गेल्या. "ते बकरं घरात हाये तोवर मी येत नाही," एवढाच निरोप. मास्तर करपलेल्या भाकरी खात कासावीस झाले, पण बरणी टाकवेना. स्नायूला बळ पुरवणारं रसायन मुंबईहून यायचं होतं. त्याचा थेंब पडला की मेलेला धागाही आखडतो, हे त्यांना एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं.

महिन्याभरानं एकच इवलीशी कुपी आली. फोडली की त्याच दिवशी वापरायची. आम्ही सगळे शाळेत ताटकळलो होतो, तर मास्तरांनी ती रुमालात गुंडाळली आणि बरणी पिशवीत घातली. मला म्हणाले, "चाल बा, फुलसावंगीले. पहिले तिनं पाहावं. मंग बरणी मीच फेकतो."

पुसदला मोटार बदलून पोचलो. सासऱ्यांच्या अंगणात मास्तरांनी बरणीतल्या पट्टीचा सुतासारखा एक धागा सोडवून बशीत मांडला. वहिनी दाराआड. थेंब पडला, काहीच झालं नाही, आणि मास्तरांचा चेहरा इतका उतरला की मला बघवेना. मग धागा हळूहळू आखडत निम्म्यावर आला.

"पाह्यलं काय? पाह्यलं?" मास्तर अंगणात नाचू लागले.

वहिनी पुढे आल्या, पदर तोंडाशी धरून बशीवर वाकल्या आणि हलकेच म्हणाल्या, "अन् त्याले दुखलं तं नसन न?"

मास्तर नाचायचे थांबले आणि बशीशी येऊन बसले. म्हणाले, "हे मी कवा इचारलंच नाही व."

मास्तरांनी बरणी फेकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं वहिनी आमच्याबरोबर परत आल्या. आता दोघंही राहिली नाहीत. हे लिहिताना त्यांची फार आठवण येते आहे.