डावीकडचे घोडेस्वार

बुधवारी सकाळी शिरीषचा फोन आला तेव्हा मी डोंबिवलीच्या घरी दाढी करत होतो. एका गालाला साबण तसाच. तो म्हणाला, "वैशाली गेली." मी विचारलं, "कुठे?" मला खरंच वाटलेलं, वहिनी कॉलेजच्या नोकरीवर लवकर गेल्या असतील, किंवा आईकडे. नाहीतर दोघांचं काही बिनसलं असेल आणि हा मला मध्ये पडायला सांगणार असेल. मग तो तेच पुन्हा म्हणाला, त्याच सपाट आवाजात, आणि मी बेसिनची कड धरून उभा राहिलो. आता कित्येक आठवडे झाले, तरी माझा तो प्रश्न माझ्याच कानातून जात नाही.

शिरीष माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि वैशालीवहिनी त्याची बायको. ठाण्याला बाळकुमच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, आतल्या खोलीत, आम्ही वर्षानुवर्षं रविवारी लढाया खेळत आलोय. बोटाच्या दोन पेरांएवढे सैनिक असतात, काही धातूचे, काही प्लास्टिकचे. ते बिनरंगाचे येतात. घासायचे, जोडायचे, रंगवायचे. मग उंच टेबलावर प्लायवूडची मोठी फळी टाकून तिच्यावर डोंगर, खाडी, गाव मांडायचं आणि फासे, मोजपट्टी घेऊन मराठे विरुद्ध मुघल लढायचे. माझा हात थरथरतो, त्यामुळे रंगवणं जमत नाही, आणि लढण्याचा तर माझा पिंडच नाही. म्हणून मी पंच. दोघांचं वाजलं की नियम वाचून निकाल देणारा.

सुरुवातीला वहिनींचा या सगळ्याशी संबंध चहापुरताच होता. शिरीषचा जुना जोडीदार बदली होऊन गेला आणि पहिल्याच रविवारी आम्ही दोघं मांडलेल्या सैन्याकडे नुसते बघत बसलेलो. वहिनी कप न्यायला आल्या, थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी खेळले तर चालेल का?" शिरीष हसला. त्या पहिला डाव हरल्या, दुसराही हरल्या. तिसरा जिंकल्या, आणि मग शिरीषचं हसू कायमचंच गेलं. ठाण्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात त्या प्रवेशाचं काम बघायच्या. म्हणायच्या, "भाऊजी, जूनमध्ये माझ्या खिडकीसमोर जी गर्दी असते ना, ती रांगेत उभी करून बघा एकदा. मग तुमचे हे मुघल काहीच नाहीत."

त्यांचं माहेर बाळकुमच्याच कोळीवाड्यातलं. वडिलांची खाडीत होडी होती. एकदा शिरीषने घोडदळ खाडीतून सरळ पलीकडे काढलं तर या ऐकेनात. "ओहोटी आहे की भरती, ते आधी ठरवा. ओहोटीला हे घोडे पोटापर्यंत रुततील." शिरीष म्हणाला, नियमात तसं काही नाही. म्हणाल्या, "मग नियम लिहिणारा कधी चिखलात उतरलेला नाही." तासभर वाद झाला. शेवटी मी दर डावाआधी फासा टाकून भरती-ओहोटी ठरवायचा नियम केला, तेव्हा कुठे त्या जेवायला वाढायला उठल्या.

रंगवायला लागल्या त्याही अशाच, कुणी न सांगता. मावळ्यांचे तयार पुतळे मनासारखे मिळत नाहीत. म्हणून परदेशी शिपायांच्या टोप्या कापायच्या आणि पुट्टीची पागोटी चढवायची. हे काम शिरीषच्या जाड बोटांना कधी साधलं नाही. वहिनी शेंगदाण्याहून लहान गोळी टाचणीने वळत बसायच्या आणि तिच्यावर एकेक पीळ उठायचा. चेहऱ्यांपेक्षा जास्त वेळ त्यांचा पाठीवर जायचा... अंगरख्याची सुरकुती, शेल्याची गाठ, ढालीचा पट्टा. एकदा मी विचारलं, पाठीला एवढं कशाला? ब्रश पाण्यात खळबळत त्या म्हणाल्या, "खेळताना मला माझ्या माणसांच्या पाठीच दिसतात, भाऊजी. तोंडं दिसतात ती ह्यांना."

आता त्या शेवटच्या रविवारबद्दल लिहायला हवं. लढाई मोठी होती. शिरीषने महिनाभर खपून थर्माकोलचा नवा डोंगर केलेला. वहिनींकडे मराठे. त्यांनी डाव्या कडेला घोडेस्वारांची एक तुकडी उभी केली, त्यांची सगळ्यात लाडकी, प्रत्येक घोडा वेगळ्या रंगाचा. डाव सुरू झाला, एकेक फेरी होत गेली आणि ती तुकडी जागची हललीच नाही. मला दिसत होतं. वाटलं, काहीतरी बेत असणार, आता काढतील. पंचाने आठवण करून द्यायची नसते, मी दिली नाही. शिरीष उजवीकडून आत घुसला, मधली रांग मोडली, आणि वहिनींनी डाव सोडला तरी ते घोडेस्वार तिथेच उभे. मी बोट दाखवलं तेव्हा त्यांनी तिकडे पाहिलं. "अगंबाई. हे राहिलेच की." कपाळ चोळत म्हणाल्या, डोकं जरा ठणकतंय सकाळपासून, ऊन लागलं असेल. आम्ही दोघं मनापासून हसलो. शिरीष कित्येक महिन्यांनी जिंकलेला. खाली जाऊन जिलेबी घेऊन आला, वहिनींनीही खाल्ली.

त्यानंतरच्या बुधवारी ऑफिसला निघताना दारात चप्पल घालायला त्या वाकल्या आणि तशाच खाली बसल्या. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलेलं होतं. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती त्यांनी. दिवसकार्य झाल्यावर शिरीष मुद्दाम त्या डॉक्टरांना भेटून आला. रविवारचं ते विसरणं त्यातलंच होतं का, हे विचारायला. डॉक्टर म्हणाले, असू शकतं, नसूही शकतं. आता कुणालाच सांगता येणार नाही.

गेल्या रविवारी त्याने मला बोलावलं. आतल्या खोलीत डाव जसाच्या तसा. पडलेले सैनिक पडलेले, मोजपट्टी आडवी, सगळ्यावर धुळीची बारीक साय. मला वाटलं, आवरायला बोलावलंय. मी खोकं पुढे ओढलं तर तो म्हणाला, "थांब. तू पंच आहेस ना? मग सांग. मी जिंकलो का?"

"नियमाने जिंकलास."

"नियमाने," तो म्हणाला. मग फळीला वळसा घालून पलीकडे गेला, जिथे वहिनी उभ्या राहायच्या तिथे. त्या शिरीषच्या खांद्यालाही लागत नसत. त्याने गुडघे वाकवले, मान खाली घेतली, अजून खाली, आणि त्या उंचीवरून डावीकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिला. "मकरंद, इकडे ये. इथून हे घोडे दिसतच नाहीत रे. माझा डोंगर मध्ये येतोय. ती विसरली नव्हती."

मी त्याच्या शेजारी जाऊन वाकलो. थर्माकोलच्या त्या हिरव्या माथ्यावरून भाल्यांची टोकं दिसत होती. पाच-सहा, बारीक, चंदेरी रंग दिलेली.

"टोकं दिसतायत, शिरीष," मी म्हणालो.

"तुला दिसतायत," तो म्हणाला. मी कंबर धरून सरळ झालो. तो झाला नाही. फळीच्या कडेवर दोन्ही हात टेकून, गुडघे वाकवलेलेच ठेवून, तो तिच्या उंचीवर थांबून राहिला.