पाय टाकायची जागा

घरात मोरीपासून चुलीपर्यंत यायला मामाला एक अख्खी बिडी ओढून होईल एवढा वेळ लागायचा. चौकटीत आला की पाय जमिनीला चिकटायचे. वरचं अंग पुढे, पाय जिथल्या तिथे, टाचा नुसत्या थरथरत. मागून मामी म्हणायची, "आता काय मुहूर्त पाहून राहिले?" आणि हाच मामा क्वार्टरमागच्या रुळांवर उभा राहिला की रुळांखालच्या एका आडव्या स्लीपरवरून दुसऱ्या स्लीपरवर असा निघायचा, की तिशीही न गाठलेल्या मला त्याच्यामागे पळावं लागे. परक्या माणसाला वाटलं असतं, ही दोन वेगळी माणसं आहेत. आम्हा घरच्यांना वाटायचं, माणूस एकच आहे आणि तो घरात सोंग करतो.

मामा नागपूरहून उमरेडकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीवर चाबीवाला होता. खांद्यावर हातोडा, काखेत लाल-हिरवी झेंडी घेऊन सकाळी निघायचं, आपल्या वाट्याची लाइन पायी तुडवायची, रुळाला स्लीपरशी धरून ठेवणारी एखादी लोखंडी चाबी सैल झाली असेल तर ठोकून बसवायची आणि तसंच परत यायचं. सारी उमर त्याची त्यात गेली. अंतर तो स्लीपरमध्ये मोजायचा. मी कॉलेजसाठी त्याच्याकडे राहायला आलो तेव्हा त्यानं विचारलं, "कालेज किती दूर हाये गा?" मी म्हणालो, दोन मैल. त्याचं समाधान झालं नाही. "मंजे स्लीपर किती?" म्हणाला.

त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं. "पाय टाकाची जागा दिसली पाह्यजे, मंग पाय आपोआप जाते." आधी हे वाक्य तो नव्या गँगमनला शिकवताना वापरायचा. आजार जडल्यावर तेच वाक्य तो आम्हाला सांगू लागला. "घरातली जमीन एकदम सपाट हाये. कुठी टाकू पाय? समजतच नाही." आम्ही हसायचो. एव्हाना मी शाळेत मास्तर झालो होतो. एकदा शाळेतून परत आलो तर त्यानं सरपणाच्या काड्या मोरीपासून चुलीपर्यंत हात-हात अंतरावर आडव्या मांडल्या होत्या आणि त्या ओलांडत तो सरळ चालत येत होता. चौकटीत अडकलाही नाही. मामीनं कपाळाला हात लावला. "साऱ्या घरात जळतन पसरवून ठेवलं," म्हणत तिनं काड्या गोळा केल्या आणि चुलीत घातल्या. मी बी.ए. झालेला, शाळेत मुलांना विज्ञानही शिकवणारा माणूस. मी त्या काड्या पाहिल्या आणि गोळा करायला मामीला मदत केली.

पायांचं आम्हाला काही वाटत नव्हतं, कारण पाय घरात अडकत होते. हात चारचौघांत थरथरायचे. हातोडा नेमका पडेना म्हणून त्याला लाइनीवरून काढून ऑफिसात स्टुलावर बसवलं होतं आणि तिथूनच तो निवृत्त झाला. तरी रोज सकाळी तो यार्डातल्या रिकाम्या रुळांवर चालून यायचा. मुकादम जुना सोबती होता, "जयभीम, चाबीवाले" म्हणून वाट सोडायचा. तेवढी एक फेरी झाली की मामाचा चेहरा दिवसभर बरा असायचा. बाकी त्याला कशाचीच हाव नव्हती.

मला पाहायला मुलीकडचे आले तेव्हा मामानं हौसेनं स्वतः चहा पुढे केला. कप बशीवर असा वाजायला लागला की बोलणं थांबलं. मुलीचे वडील सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते. त्यांनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "घेतात का हे?" आमच्या घराण्यात पहिला शिकलेला मी, आणि मला शिकवणाऱ्या माणसाला लोक दारुडा समजत होते. राग त्यांचा यायला हवा होता, पण मला आला मामाच्या हाताचा.

त्या कंपवातावर गोळी तेव्हा आमच्यापर्यंत आली नव्हती. मुंबईत डोक्याला भोक पाडून आतला एक ठिपका जाळतात आणि हात थांबतो, असं मी पेपरात वाचलं आणि मामाला घेऊन गेलो. डॉक्टर भला माणूस होता. त्यानं मामाकडेच पाहून विचारलं, "काय त्रास होतो?" मामा म्हणाला, "साहेब, माहे पाय..." मी मध्येच बोललो, "हात. हात फार थरथरतात." डॉक्टरनं पुन्हा विचारलं, "आणि चालणं?" मी म्हणालो, "चालतो की. वयाचं थोडं असतंच." मामानं माझ्याकडे पाहिलं. शिकलेला भाचा बोलत असताना मध्ये बोलू नये, हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

जागेपणी, डोक्याच्या एकाच बाजूचं ऑपरेशन झालं. त्याची गोष्ट तो मजेनं सांगायचा. "डोक्यात बोअर पाडून राहिले होते आन् मले म्हणते, पाण्याचा गिलास धरा." उजवा हात खरंच थांबला. घरी आल्यावर त्यानं काठोकाठ भरलेला कप साऱ्या शेजाऱ्यांसमोर धरून दाखवला. मामी रडली. माझं लग्न ठरलं. पाय होते तसेच होते, घरात अडकायचे आणि रुळांवर चालायचे. एकदा तो म्हणाला, "हात झाला गा. आता पायाचं काय ते पुस ना डाक्टरले." मी म्हणालो, पाहू.

लग्नाचा फोटो आला. सगळे पांढऱ्या कपड्यांत, ताठ, स्वच्छ उमटलेले. मामाचा डावा हात तेवढा थरथरीनं पुसलेला, सदऱ्यावर पांढुरका धूर असावा तसा. सासऱ्यांनी फोटो पाहून काहीच म्हटलं नाही, आणि तेच मला लागलं. मी मामाला पुन्हा मुंबईला न्यायचं काढलं. मामा पहिल्यांदाच माझ्यावर चिडला. "काहून? एक हात पुरे हाये मले. मी हातानं चालतो का गा?" मी त्याला समजावलं, म्हणजे तो थकेपर्यंत बोलत राहिलो.

डॉक्टरनं या वेळी स्पष्ट सांगितलं होतं. दुसऱ्या बाजूचं ऑपरेशन केलं तर बोलणं जड होऊ शकतं, तोलही जाऊ शकतो. एका हातावर भागत असेल तर राहू द्या, असंही तो म्हणाला. मी हे मामाला सांगितलं नाही. कागदावर सही मी केली.

डावा हात थांबला. मामाची जीभ तोंडात घास असल्यासारखी वळेनाशी झाली आणि तो उभा राहिला की मागे पडायला लागला, सरळ, हातसुद्धा मागे न टेकता. महिनाभरानं खुणा करून त्यानं लाइनीवर न्यायला सांगितलं. मी मागून आणि मामीनं बाजूनं धरून त्याला यार्डातल्या रुळांवर उभं केलं. त्यानं पुढच्या स्लीपरकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. एक पाय उचलला आणि सगळा भार माझ्या छातीवर आला. पुन्हा उचलला, पुन्हा तेच. मग तो काहीतरी बोलला. मला एक अक्षर कळलं नाही. मामीला त्याचं बोलणं उमगायचं. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "जागा दिसून राहिली म्हणते. पाय जाऊन नाही राहिला."

त्यानंतर दोन वर्षं तो खाटेवर होता. मुकादम येऊन बसायचा आणि लाइनीवरच्या गोष्टी सांगायचा. मामाचे दोन्ही हात पोटावर शांत पडलेले असायचे. मामी त्याला घास भरवायची; कप धरू शकणारे हात होते, पण गिळणंच कठीण झालं होतं. त्यानं मला कधी बोल लावला नाही. लावला असेलही, मला कळला नसेल, आणि मामीला विचारायची माझी हिंमत झाली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी आमच्या शाळेतल्या एका शिक्षकाला तोच आजार झाला. त्यांच्यासोबत मी दवाखान्यात गेलो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. गोळ्या लिहून दिल्यावर त्यांनी खडूचा तुकडा घेतला, खाली बसल्या आणि फरशीवर हात-हात अंतरावर आडव्या रेघा मारल्या. दारात खिळून उभे असलेले आमचे शिक्षक त्या रेघा ओलांडत खिडकीपर्यंत चालत गेले. "पायाला जागा दिसली की चालतात," बाई म्हणाल्या. "घरी चुन्यानं मारून घ्या." मग माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी होतं का कोणाला?"

"मामाला."

"त्यांच्यासाठी काय केलं होतं?"

"ऑपरेशन," मी म्हणालो. "दोन्ही हात अगदी स्थिर झाले होते त्याचे."