शकीलाबीला शून्य मतं

"ए, तोंड वर कर. डोळे उघडे ठेव."

मुकादमानं माझाच फोन माझ्या तोंडासमोर धरला. मी कपाशीच्या ओळीत उभी, बोटांना फुलांची पिवळी भुकटी. फोननं माझा चेहरा ओळखला. मुकादमानं तो लगेच स्वतःकडे वळवला, काहीतरी दाबलं आणि टोपलीत टाकला. "झालं. लाग कामाला." मग पुढची बाई.

आमचे फोन रोज सकाळी टोपलीतच जातात. बियाण्याच्या प्लॉटवर क्रॉसिंगचं काम असतं. एका झाडाच्या फुलाची भुकटी दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावायची, तीही ऊन चढायच्या आत. बायका फोनवर बोलत बसतात म्हणून बांधावरच फोन काढून घ्यायचे, दुपारी परत द्यायचे. आम्हाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. चूक तिथंच झाली.

त्या दिवशी आमच्या बियाणं सोसायटीचं मतदान होतं. पहिल्यांदाच फोनवर, ब्लॉकचेनवर. आम्ही मजूर बायकाही सभासद. जालन्याहून आलेल्या साहेबानं आधीच समजावलं होतं. प्रत्येक मत एकाच वेळी अनेक कॉम्प्युटरांवर नोंदलं जातं, साखळीसारखं जोडलं जातं, मग ते कुणाच्या बापाला बदलता येत नाही. मी खूश झाले होते. मत देताना चेहऱ्याबरोबर लागणारा गुपित नंबर मात्र मुकादमानंच आधी फोनमध्ये टाकून दिला. पंधरा बायकांना एकच. "न्हाईतर विसरताल," म्हणाला. वर आम्ही त्याला चहा पाजला.

आमच्यातली शकीलाबी निवडणुकीला उभी होती. माझ्याच ओळीत काम करते. तिचं मागणं एकच, प्लॉटवर बायकांना संडास पाहिजे. तिच्या समोर प्लॉटचा मालक, मुकादमाचा चुलता. दुपारी फोन हातात आला की तिला मत द्यायचं, असं मी ठरवून बसले होते. पण फोन मिळाला तेव्हा त्यावर आधीच आलं होतं, 'तुमचं मत नोंदलं आहे'.

संध्याकाळी साहेबानं निकाल वाचला. शकीलाबी, शून्य.

सगळे हसले. मालक म्हणाला, "बाईनं सोताला बी मत न्हाई दिलं."

शकीलाबी माझ्याकडे बघून एवढंच बोलली, "मेरा फोन बी तो टोपली मेंच था." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी साहेबाला गाठलं. म्हटलं, मत आम्ही दिलंच नाही. त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "नोंद बरोबर आहे, ताई. चेहरा तुमचा, नंबर तुमचा. आता पुसता येणार नाही."

बरोबरच आहे. कॉम्प्युटरला माझा चेहरा दिसला. मान वर करायला लावणारा दिसला नाही. साखळी पक्की असेल, पण आमचं मत साखळीपर्यंत पोचलंच कुठे? ते बांधावरच गेलं, भर उजेडात, माझ्या डोळ्यांदेखत. आणि मी परत फुलं मोजत ओळीनं पुढं गेले. याचाच राग जास्त येतो.

दुसऱ्या सकाळी टोपली पुढं आली.

"टाक."

"न्हाई टाकत."

"मंग घरी जा."

पण घरी गेले नाही. त्याच बांधावर बसून गुपित नंबर बदलला. शकीलाबीही शेजारी येऊन बसली. तिनं तिचा बदलला तेव्हा मी तोंड फिरवून घेतलं.

मग तक्रार लिहिली. पंधरा फोन, एक नंबर, एक हात. खाली पहिली सही माझी, दुसरी तिची. साहेबाला दिली आणि सांगितलं, ही पण तुमच्या साखळीत टाका, पुसता येणार नाही अशी.

मतदान परत घेतील की नाही, माहीत नाही. कामावर घेतील की नाही, तेही नाही. पण माझ्या फोनसमोर माझं तोंड आता मीच धरणार.