साहेबांचं अंथरूण

लाकूड तासायचा रंधा सदा हातात, म्हणून आसपासच्या चार गल्ल्यांत तिला रंधाबाई म्हणत. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून ती वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, सुतारखान्यात उभी राहिली. पोरीच्या जातीला हे काम झेपायचं नाही असं सांगायला जे जे आले, त्यांच्या घरांची दारं पुढे तिनेच बसवली. "बघतेच मी," एवढंच ती म्हणायची आणि खरंच बघायची. लग्न केलं नाही. त्यावरही लोक बोलले आणि बोलून बोलून थकले. आता तिला बावन्नावं लागलं होतं. खाली सुतारखाना, वर घर; घरात ती, थोरला दादा, वहिनी आणि साहेब.

साहेब म्हणजे गिनीपिग. तीन वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक मोडक्या दाराचा पिंजरा दुरुस्तीला टाकून गेलं, आत हा प्राणी, तेव्हा पिल्लूच, तसाच. "संध्याकाळी नेतो," म्हणालं आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. तपकिरी-पांढरा, दोन मुठींएवढा, पोट पुढे काढून असा बसायचा की समोरच्याने उठून नमस्कार करावा. पालेभाजीची पिशवी नुसती वाजली तरी घरभर शीळ घालायचा. रंधाबाई जगात कुणाला भीत नव्हती, पण साहेबांच्या न्याहारीला उशीर झाला की जिन्यावरून पळत यायची.

त्यांचं अंथरूण हा तिचा खास अभिमान. कपड्यांच्या कपाटाला आतून लावतात ते वासाचं लाकूड, कसर लागू नये म्हणून वापरतात ते. त्याची फळी दर शनिवारी ती हाताने रंधायची. मशीनचा भुसा साहेबांना चालायचा नाही! कागदासारखी पातळ, कुरळी सालपटं पिंजऱ्यात वीतभर पसरायची आणि स्वतःच वास घेत उभी राहायची. "राजाला नसेल असली गादी," वहिनीला सांगायची. वहिनी मान डोलवायची, कारण न डोलवून कुणाचं चाललं असतं?

एका मंगळवारी पिशवी वाजली आणि शीळ आली नाही. साहेब कोपऱ्यात फुगून बसले होते. बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या, नाकपुड्या ओल्या, समोरची काकडी जशीच्या तशी. तिने उचलून कानाशी धरलं. प्रत्येक श्वासाला आत बारीक कटकट वाजत होतं. हा आवाज तिने पूर्वी ऐकला होता, अप्पांच्या पाठीला तेल चोळताना, शेवटच्या वर्षी.

"वय झालं असेल," दादा म्हणाला.

"तीन वर्षांचा आहे तो."

"अगं, मग दुसरा आण. एवढ्याशा जिवाचं काय घेऊन बसलीस? पन्नास खिडक्या पडल्यात खाली."

"पडू देत," ती म्हणाली आणि टोपलीत टॉवेल घालून निघाली.

कोपऱ्यावरचा जनावरांचा डॉक्टर कुत्र्या-मांजरांत मुरलेला. त्याने टोपलीत लांबूनच डोकावलं. "बाई, हे टिकत नाहीत. एकदा श्वास लागला की संपलं. घरी न्या, शांतपणे जाऊ दे."

"टिकत नाहीत की तुम्हाला येत नाही?"

पण माणूस वाईट नव्हता; त्याने एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. लहान जनावरं बघणारी एक डॉक्टरीण होती, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. रंधाबाई दोन बस बदलून गेली. टोपली मांडीवर, हात आत, आणि वाटभर तिचं एकच, "खबरदार हं, साहेब. खबरदार."

डॉक्टरीण जेमतेम तिशीची. तिने आधी साहेबांना काचेच्या पेटीत ठेवून आत प्राणवायू सोडला, तासाभराने छाती तपासली आणि विचारलं, "मावशी, हा झोपतो कशावर?"

एवढ्या काळजीतही रंधाबाईची छाती फुगली. टोपलीच्या तळाची मूठभर सालपटं तिने टेबलावर ठेवली. "माझ्या हातची आहेत."

डॉक्टरिणीने वास घेतला आणि सालपटं हळूच बाजूला सारली. "याच वासाने कसर मरते ना? तोच याच्या छातीत रोज जातोय. वर लाकडाची बारीक धूळ. फुप्फुसं आधीच चिडलेली, त्यात जंतू शिरले. न्युमोनिया झालाय."

तीन वर्षं, दर शनिवारी, प्रेमाने! हात पदराला पुसत ती उभी राहिली, आणि तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली, ती थांबेचना.

"हा किती दिवसांचा?" डॉक्टरिणीने विचारलं.

"मी त्याला दाखवायला आलेय."

"ते दिसतंय मला. किती दिवसांचा?"

"धंद्याचा खोकला आहे. आमच्यात सगळ्यांनाच असतो," ती फणकारली. "वाचेल का ते सांगा."

"चार दिवस काढले तर वाचेल. पण खायचा थांबला तर नाही."

"बघतेच मी," रंधाबाई म्हणाली.

त्याच दुपारी तिने पिंजरा घासून काढला, वासाची सालपटं पोत्यात भरून फेकली, आणि साहेब धुतलेल्या जुन्या चादरीवर आले. सुतारखान्याचे कपडे जिन्याखालीच उतरवायचे, हातपाय धुवायचे, मगच वर जायचं. दिवसातून दोनदा सुई नसलेल्या सिरिंजने औषध आणि दर तीन तासांनी भिजवलेल्या चाऱ्याचा लगदा. साहेब तोंड मिटून घ्यायचे. ती गालाच्या बाजूने थेंब थेंब सोडायची आणि चिडायची, "मरायचं असेल तर माझ्यानंतर मर, माझ्या चुकीने नाही." आणि डोळे पुसायची. वहिनीने ते पाहिलं आणि काही न बोलता लगदा कालवायला घेतला.

चौथ्या दिवशी साहेबांनी सिरिंज दातांत धरली आणि सोडेनात. पाचव्या दिवशी काकडीची साल खाल्ली. नवव्या दिवशी डॉक्टरिणीने छाती ऐकून समाधानाने मान डोलावली. मग एक दुसरीच चिठ्ठी पुढे केली, माणसांच्या छातीच्या डॉक्टरची. रंधाबाईने ती घेतली. वाद घातला नाही, हे तिचं तिलाच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती सुतारखान्यात उतरली ती नाकातोंडाला जाड मास्क बांधून. दादाला हसू आवरेना. "उंदरापायी तोंड बांधलंस?"

तिने दुसरा मास्क त्याच्यापुढे धरला. "घाल."

"चाळीस वर्षांत मला काही झालं नाही." हे म्हणतानाही तो खोकलाच.

रंधाबाईने मशीनचा खटका खाली ओढला. सुतारखाना गप्प झाला. "घालत नाहीस तोवर मशीन बंद. खिडक्या राहू देत पडून."

"डोकं फिरलंय तुझं!"

"फिरलंय."

दोघं मशीनच्या दोन बाजूंना उभी राहिली. वर वहिनीने भाजीची पिशवी उघडली असावी. जिन्यावरून शीळ आली, लांबलचक, अगदी पूर्वीसारखी. दादाने वर पाहिलं, मग हातातल्या मास्ककडे.

"अप्पांना दिला असतास तर त्यांनी फेकून मारला असता," तो पुटपुटला.

"मारला असता," रंधाबाई म्हणाली. "पण त्यांना कुणी दिलाच नाही, दादा."

दादाने मास्क चढवला, उलटा. तिने तो काढून सरळ बांधला आणि खटका वर केला.