सहा पावलांवरची टाकी

आमची प्रतिमाताई चूक कबूल करणाऱ्यांतली नाही. लहानपणी तिने फोडलेली लोणच्याची बरणी घरात अजून माझ्याच नावावर आहे. त्यामुळे गेल्या वर्षी तिने जे केलं, ते मी स्वतः तिथे नसतो तर मला खरं वाटलं नसतं.

ताई जबलपुरात बालकल्याण समितीसाठी चौकशीचं काम करते. एखाद्या मुलाचे हाल होतायत अशी तक्रार आली की ही जाऊन बघते आणि अहवाल लिहिते. मग मूल घरी राहील की शिशुगृहात जाईल, ते समिती ठरवते. एकोणीस वर्षांत आपला एकही अहवाल परत आलेला नाही, हे ती आम्हाला महिन्यातून एकदा तरी ऐकवते.

खमरियाजवळ एका इमारतीचं बांधकाम चालू होतं. तिथे तीन वर्षांची सोनकली खांबाला जुन्या साडीने बांधलेली सापडली. तिची आई सुकवती, कुंडमकडच्या खेड्यातून मजुरीला आलेली, वरच्या मजल्यावर विटा वाहत होती. ताईने लिहिलं, ‘मूल बांधलेलं, आई जवळ नाही.’ सोनकली त्याच दिवशी शिशुगृहात गेली आणि सुनावणी बारा दिवसांनी ठरली.

जेवताना ताई ही हकीकत तावातावाने सांगत होती. भात वाढता वाढता आमची आई थांबली.

"काहून गं एवढी तापून राहिली? विपुलला नव्हतो का आपण बांधत? मी नळावर जायची तेव्हा, पलंगाच्या पायाला. अन् गाठ तर तूच मारत होती."

विपुल म्हणजे मी. आमच्या क्वार्टरच्या मागच्या दाराशी उघडी नाली होती, म्हणून हा बंदोबस्त. मला त्यातलं काही आठवत नाही. ताईला मात्र आठवलं. तिने ताट तसंच सारलं.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "चल, स्कूटर काढ."

बांधकामावर सुकवती खाली आली ती हातातली चुंबळ पिळत. आता आणखी काय हिरावून नेतात, असा चेहरा. पहिल्या भेटीत जे विचारायला हवं होतं, ते ताईने आता विचारलं, "क्यों बाँधती थी?"

सुकवतीने बोट दाखवलं. जमिनीलगत पाण्याची टाकी होती, झाकण नसलेली. "खुली छोड़ती तो उसमें गिर जाती, दीदी."

ताईने खांबापासून टाकीपर्यंत पावलं टाकली. सहा भरली. मग साडी खांबाला बांधून ताणून पाहिली. ती चारच पावलं पुरत होती. त्या माऊलीने मोजूनमापून बांधली होती. अंगणवाडी दोनच गल्ल्या पलीकडे होती, पण पत्ता कुंडमचा असला की इथे नाव लागत नाही, असं ती धरून बसलेली. ताईने त्याच दुपारी नाव लावून घेतलं आणि ठेकेदाराच्या मागे लागून टाकीला झाकणही बसवून घेतलं.

सुनावणीच्या दिवशी ऑफिसातल्या तुळशीरामजींनी तिला व्हरांड्यात अडवलं. "मैडम, अपना ही लिखा काटोगी? लोग क्या कहेंगे?"

"कहने दो," म्हणून ती आत गेली. दार लोटलेलं होतं, पण ताईचा आवाज म्हणजे फॅक्टरीचा भोंगा. बाहेर सगळं ऐकू आलं.

"रिपोर्ट मेरी है, और आधी है. मैंने साड़ी देखी, टंकी नहीं देखी. गलती मेरी है, माँ की नहीं."

गलती मेरी है! आयुष्यात पहिल्यांदा हे शब्द मी तिच्या तोंडून ऐकले आणि माझा ऊर अभिमानाने भरून आला.

समितीने सोनकलीला घरी पाठवायचं ठरवलं. दिवसा अंगणवाडी, आणि दर आठवड्याला ताईची फेरी. पोरगी व्हरांड्यातून धावत आली. सुकवतीचे हात पुढे झाले आणि मध्येच थबकले. तिने भीत भीत ताईकडे पाहिलं.

"दीदी, उठा लूँ?"

ताईचा भोंगा पार बसला. "मुझसे मत पूछो," ती कशीबशी म्हणाली. "किसी से मत पूछना."

एकोणीस वर्षांत ताईचा हा एकच अहवाल परत आला, आणि तोही तिने स्वतःच मागे घेतला. हल्ली महिन्यातून एकदा तरी मीच तो लोकांना ऐकवतो.